मी कुणाचं नाव घेत नाही

डॉक्टर पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांच्याआधी त्यांच्या गाडीचा ब्रेक आला. गल्लीच्या टोकाला जे किंचाळणं सुरू झालं ते माझ्या दारात येऊनच थांबलं. समोरचा चष्मेवाला बाहेर आला, वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. गाडीवरचा माणूस कानापर्यंत लाल झाला होता.

"ताई, ब्रेकचं काम तुमच्याकडेच होतं ना? तीन मिस्त्र्यांनी तुमचं नाव सांगितलं."

"तिघांनी आधी हात मारून बघितला असेल."

"हो."

"म्हणजे बिघडवायचं तेवढं बिघडवून झालंय. आत घ्या."

माझ्या दुकानात दुसरं काही होत नाही, फक्त ब्रेक. चाकाच्या ड्रममध्ये अर्धचंद्रासारखे दोन शू असतात. त्यांच्यावरचं झिजलेलं लायनिंग काढायचं, नवं रिव्हेट मारून बसवायचं आणि ड्रमला बरोबर बसेल असं घासायचं. बाबांनी हेच केलं, त्यांच्यानंतर मी करते. नव्या गाड्यांना याची गरज राहिली नाही, म्हणून गर्दी नसते. येतात ते जुन्या गाड्यांचे वेडे.

हे त्यातलेच दिसत होते. दातांचे डॉक्टर, नखं माझ्या भांड्यांपेक्षा स्वच्छ. गाडी माझ्याहून वयानं मोठी. गोल टाकी, रुंद हँडल, गडद मरून रंग, नंबर परराज्यातला, आणि पॉलिश असं की टाकीत माझा चेहरा लांबट होऊन दिसत होता.

"कुणाकडून घेतली?" मी चाक उचलता उचलता विचारलं. याआधी ब्रेकचं काम कुणी केलं ते कळावं, एवढाच हेतू होता.

"मिळाली एका ठिकाणी."

"म्हणजे कुठे?"

"ओळखीतून." आणि ते इंजिनकडे बघायला लागले.

माणूस आपल्या लाडक्या गाडीबद्दल न विचारता तासभर बोलतो. तिच्या जन्मकुंडलीपासून सुरुवात करतो. हा माणूस दोन शब्दांत आटपत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण गिऱ्हाईक आहे, आपल्याला काय करायचंय, म्हणून मी पुढचं चाक सोडवलं.

ड्रम उघडताच किंचाळण्याचं कारण दिसलं. कुणीतरी ट्रकचं कडक लायनिंग बसवलं होतं. ते भाजून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं, कडा चौकोनी सोडल्या होत्या, आणि आवाज बंद व्हावा म्हणून एका महाभागानं चक्क ग्रीस फासलं होतं. ब्रेकला ग्रीस! रडणाऱ्या पोराच्या तोंडात बोळा कोंबावा तसलाच प्रकार.

"डॉक्टर, या ब्रेकवर तुम्ही जिवंत आहात हेच आश्चर्य आहे."

ते ओशाळून हसले. मी छिन्नीनं रिव्हेट उडवले, जुनं लायनिंग गळून पडलं. नुसता शू रॉकेलनं पुसला आणि उजेडात धरला. आठ भोकं. आणि एका भोकाच्या शेजारी, जेमतेम बोटभर अंतरावर, नववं भोक. पितळेनं बुजवून कानशीनं सपाट केलेलं.

मी स्टुलावर बसले.

ते नववं भोक माझं होतं. तेरा वर्षांची असताना बाबांनी पहिल्यांदा माझ्या हातात ड्रिल दिलं ते त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या शूवर. माझा हात सरकला. बाबा ओरडले नाहीत. "बरं झालं, घरच्याच गाडीवर चुकलीस," एवढंच म्हणाले, पितळेचा तुकडा ठोकून भोक बुजवलं आणि शेजारी नवी खूण करून ड्रिल परत माझ्याच हातात दिलं.

ती गाडी नऊ वर्षांपूर्वी चोरीला गेली होती.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. काम मोठं आहे. गाडी ठेवून जा. आणि उद्या येताना कागद घेऊन या."

"ब्रेकला कागद कशाला लागतात?"

"माझ्याकडे लागतात."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "इतकी वर्षं चालवतोय, कुणी विचारलं नाही."

"किती वर्षं?"

"नऊ होतील," ते म्हणाले आणि लगेच बोलून चुकल्यासारखं घड्याळ बघायला लागले. जाताना दोनदा मागे वळून गाडीकडे बघितलं. ते गेल्यावर मी सीट काढली आणि खालच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ओढलं. मरूनच्या खाली काळा रंग निघाला. बाबांची गाडी काळी होती.

आता ही चोरी काय होती ते सांगायला हवं, कारण त्या गाडीबरोबर आमच्या घरातलं बरंच काही गेलं होतं.

बाबा गेल्यावर गाडी माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे गेली. गाडी मला हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मी ती चालवत होते, खोलत होते, जुळवत होते. दादाला ती सुरू करतानाच घाम फुटायचा. पण मला कुणी विचारलं नाही. गाडी मुलाकडे जाते, विषय संपला. हँडलच्या कुलपाच्या किल्ल्या दोन होत्या. एक दादाकडे राहिली, दुसरी आमच्या घरी खिळ्यावर, कारण महिन्यातून एकदा माझा नवरा जाऊन गाडी सुरू करून ठेवायचा. बाबांच्या आजारपणात त्यांनीच त्याला ते काम लावलं होतं.

एका सकाळी दादाचा फोन आला, गाडी गेली. त्याच संध्याकाळी आम्ही आईकडे जमलो. आई दादाकडेच राहते. काका, काकू, वहिनी, सगळे होते. दादा म्हणाला, पोलिसांत तक्रार दिली आहे. काकांनी विचारलं, कुलूप कसं उघडलं? दादा म्हणाला, "किल्ल्या दोनच. एक माझ्या खिशात होती. कुलूप तोडलेलं नाही. मी कुणाचं नाव घेत नाही."

माझ्या नवऱ्यानं हातातला कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेला. तो पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर आहे. त्यानंतर आईकडून कधीही बोलावणं आलं की "माझी शिफ्ट आहे" एवढंच उत्तर. नऊ वर्षं. नातेवाइकांत तर हळूहळू ठरूनच गेलं, की जो माणूस एवढा तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो त्याचं काहीतरी असणारच.

आणि मी? आता लपवून काय उपयोग. मीही संशय घेतला. हे आंघोळीला गेले की ह्यांचे खिसे बघायची. खिळ्यावरची किल्ली जागची हललीय का, ते बघायची. एकदा डबा विसरल्याचं निमित्त करून पंपिंग स्टेशनवर गेले आणि मागच्या शेडमध्ये डोकावून आले. तिथे गंजलेले व्हॉल्व्ह सोडले तर काही नव्हतं. त्यांनी डबा घेतला, "एवढ्या लांब आलीस?" म्हणाले, बस्स. त्या दिवसापासून गाडीचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

म्हणून शू हातात धरून मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगते. सुटलो! चोर सापडला, माझा नवरा सुटला. मी लगेच दादाला फोन लावला.

"दादा, बाबांची गाडी सापडली. माझ्या दुकानात उभी आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा.

"ऐकतोयस ना?"

"हो. कोण घेऊन आलं?"

"दातांचे डॉक्टर आहेत कुणी."

"काही बोलला का तो?"

मला हे विचित्र वाटलं. गाडी कशी आहे, कुठे होती, खात्री आहे का, यातलं काही नाही. काही बोलला का तो?

"काय बोलायला हवं होतं त्यानं?" मी विचारलं.

"नाही, असंच. मी येतो. तोवर तू काही करू नकोस, चिमे."

दादा विमा कार्यालयात आहे. एरवी सहाच्या आत त्याचा साहेब त्याला सोडत नाही, असं तो सांगतो. त्या दिवशी अर्ध्या तासात हजर. दारातून आत आला तो गाडीकडे पाठ करून उभा राहिला.

"असे शू शेकडो असतील."

"असं भोक एकच आहे. ते मी पाडलंय."

"बरं, असेल. पण आता नऊ वर्षांनी उकरून काय मिळणार? पोलिस-बिलीस काही नको. तो माणूस प्रतिष्ठित दिसतो."

"तुला कुठे दिसला?"

दादानं खिशातून रुमाल काढून मान पुसली. "डॉक्टर आहे म्हणालीस ना, म्हणून."

"तू दिलेल्या तक्रारीचा कागद दे. मी जाते पोलिसांकडे."

"असेल कुठेतरी. शोधावा लागेल." मग आवाज चढवून म्हणाला, "आणि तुला काय घाई झालीय? गाडी माझी होती. नाही मला परत पाहिजे!"

ज्या माणसानं चोरीच्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं त्याला गाडी परत नको होती. मी शू बाजूला ठेवला. तो जाताना बघत राहिले. चष्मेवाल्याशी हसून दोन शब्द बोलल्याशिवाय तो कधी गल्लीतून जात नाही. आज त्याच्या दुकानावरून तसाच झपाझप गेला. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला तेव्हा कळलं, आणि कळायला नको होतं असं वाटलं. कारण परक्यावर संशय घेणं फार सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. हातात पाकीट, चेहरा घट्ट.

"ताई, स्पष्ट बोलतो. मला वाटतंय तुम्ही माझी गाडी अडवून ठेवताय. हिचे मूळ भाग आता मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. काल रात्रभर झोप नाही मला."

मला हसूच आलं. मी त्यांना चोर समजत होते आणि ते मला.

"कागद दाखवा. मग सगळं सांगते."

त्यांनी पाकीट उघडलं. विक्रीचा कागद, गाडीचं जुनं पुस्तक, हस्तांतराचा फॉर्म. सगळं रीतसर. खाली विकणाऱ्याची सही. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढून तिच्याखाली दोन ठिपके. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या सहीची नक्कल करता करता दादानं ही सही बसवली होती. मी तारीख वाचली. मग परत वाचली. ज्या सकाळी मला फोन आला त्याच्या नऊ दिवस आधीची तारीख होती. गाडी आधी विकली गेली आणि मग चोरीला गेली.

"हा माझा भाऊ," मी म्हणाले.

डॉक्टर खुर्चीवर टेकले. "त्यांनी मला दोन अटी घातल्या होत्या. कुणाकडून घेतली ते बोलायचं नाही आणि गाडी या भागात आणायची नाही. कागद झाले तरी गाडी त्यांनी नऊ दिवसांनी, रात्रीची दिली. मला वाटलं घरात वाटणीचं काही असेल. मी परराज्यात राहत होतो, म्हणून हो म्हटलं. मागच्या महिन्यात दवाखाना इकडे हलवला. नऊ वर्षांत कोण लक्षात ठेवतंय, असं वाटलं."

"तुमचं काही चुकलं नाही. उद्या दुपारी या. ब्रेक तयार ठेवते."

त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. ड्रम लेथवर चढवला आणि आतली कड जाईल इतकाच पुसट काप घेतला. मऊ जातीचं लायनिंग कापलं, मधल्या भोकापासून सुरुवात करून कडेकडे रिव्हेट मारत गेले, म्हणजे मध्ये फुगा राहत नाही. दोन्ही टोकांच्या कडा कानशीनं उतरत्या केल्या. लायनिंगवर खडू फासून ड्रममध्ये फिरवायचं, खडू जिथे पुसला जाईल तिथे घासायचं, परत खडू. हात काम करत होते आणि डोकं एकच हिशेब परत परत करत होतं. का? पैशाची त्याला अडचण नव्हती. मग का?

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी विमा कार्यालयात गेले. दादाला जिन्यात बोलावलं आणि म्हणाले, "कागद बघितले."

त्यानं आधी कानावर हात ठेवले. मग डॉक्टर खोटारडे आहेत म्हणाला. मग सहीचं नाव काढताच तो पायरीवर बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, जिन्याच्या पायरीवर.

"मला ती चालवता येत नव्हती," तो म्हणाला.

"म्हणून विकलीस?"

"तुला माहीत नाही. कार्यालयाच्या फाटकात सगळ्यांसमोर पडलो मी तिच्यावरून. दोनदा. शिपाई हसायचे. घरी यायचो तर आई विचारायची, बाबांची गाडी कशी चालतेय? आणि दर महिन्याला भाऊजी यायचे, एका लाथेत सुरू करायचे."

"मग मला द्यायचीस."

त्यानं ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. "तेच नको होतं," शेवटी म्हणाला. "तू ती घेऊन गल्लीतून गेली असतीस, आणि सगळे म्हणाले असते, बघा, बापाची गाडी शोभते तर हिलाच. विकली म्हणून सांगितलं असतं तर तू विचारलंच असतंस, मला का नाही दिली. चोरीला गेली म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

"आणि माझा नवरा? त्यानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

"मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं."

"दादा!"

"काकांनी विचारलं, कुलूप कसं उघडलं? मला काहीतरी बोलायला हवं होतं. ते एवढं धरून बसतील असं वाटलं नाही, चिमे. वाटलं, भांडतील, विषय संपेल. ते भांडलेच नाहीत."

मी दोन पायऱ्या उतरून वळले. त्याला म्हणाले, "जे त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललास ते सगळ्यांसमोर मागे घ्यायचं. रविवारी." आणि उत्तराची वाट न बघता निघाले.

घरी आले. हे शिफ्ट संपवून आले होते, खिडकीपाशी बसून शर्टाला बटण लावत होते. मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. भोकापासून जिन्यापर्यंत सगळं. सुई हातात तशीच राहिली. माझं सांगून झालं तरी ते माझ्याकडे बघतच होते.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तू नेली नव्हतीस?"

"मी?"

"मग कोण? किल्ली आपल्या खिळ्यावर. गाडी तुला हवी होती, मिळाली नाही, चार महिने तू धुसफुसत होतीस. दादा बोलला तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं, तर तू मान खाली घातलेली. मला वाटलं, हिनंच कुणाकडून तरी हलवली. म्हणून गप्प बसलो. मी तोंड उघडलं असतं तर पुढचं बोट तुझ्याकडे गेलं असतं."

"नऊ वर्षं?"

"आधी वाटायचं, तूच सांगशील. मग वाटलं, नसेल सांगायचं. तू शेडमध्ये डोकावून गेलीस तेव्हा तर खात्रीच पटली. म्हटलं, ही लपवायला जागा बघायला आलीय."

मला रडू आलं आणि त्यातच हसूही. मी सांगितलं, की मी त्यांचे खिसे तपासत होते. त्यांना ते माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मान फिरवली, बटणाचा दोरा दातानं तोडला आणि शर्ट घडी करून ठेवला. मग म्हणाले, "विचारायचं होतंस गं." मी म्हणाले, "तुम्हीही." 

दुपारी डॉक्टर आले. चाक बसवताना मी त्यांना ब्रेक दाबून धरायला लावलं आणि मगच ॲक्सलचा नट आवळला. त्यानं शू ड्रमच्या बरोबर मध्यभागी बसतात. मग गाडी मीच बाहेर काढली. एका लाथेत सुरू झाली. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, जोरात आले आणि दुकानासमोर ब्रेक दाबला. गाडी जागेवर थांबली. आवाज नाही. चष्मेवाल्यानं मानसुद्धा वर केली नाही.

"तुम्हाला हवी असेल तर..." डॉक्टर चाचरत म्हणाले. चांगला माणूस.

"नाही. तुमची आहे. नऊ वर्षं सांभाळलीत. फक्त ग्रीसवाल्या मिस्त्रीकडे परत जाऊ नका."

रविवारी आम्ही दोघं आईकडे गेलो. काका-काकू आले होते. वहिनीला आधीच कळलं असावं, तिचे डोळे सुजले होते. आईला अलीकडे कमी ऐकू येतं. दादा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि जमिनीकडे बघत पुटपुटला.

"काय? मोठ्यानं बोल," आई म्हणाली.

"गाडी चोरीला गेली नव्हती. मी विकली होती."

"कुणी विकली होती?"

"मी!" दादा ओरडला. शेजारच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. "मी विकली, आणि भाऊजींवर आळ घेतला! त्यांचा काही संबंध नव्हता!"

काकांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. आईनं ते सगळं नीट आत जाऊ दिलं. मग दादाला म्हणाली, "गाडी तुझी होती, विकलीस, विकलीस. पण माझा जावई नऊ वर्षं या दारात आला नाही, आणि मी लोकांना सांगत राहिले की त्यालाच माणसं नकोत." तिनं ह्यांच्याकडे हात केला. हे उठून तिच्याजवळ जाऊन बसले. दादा समोर उभा राहून "माझं चुकलं" म्हणाला. हे म्हणाले, "बस आता. सगळ्यांनी ऐकलं."

दादा हल्ली आमच्याकडे येतो. हे दार उघडतात, त्याच्याशी पंपाच्या, पावसाच्या, ऑफिसच्या गप्पा मारतात. मला अजून ते जमत नाही. मी चहा ठेवते, विचारेल तेवढ्याचं उत्तर देते. परवा त्यानं विचारलं, "अजून रागावलीयस?" मी म्हणाले, "हो." तो म्हणाला, "बरं," आणि चहा पिऊन गेला.